हलकं विरजण

आमच्या शाल्मलीला नाचाच्या बाईंनी मागच्या रांगेत उभं केलं, तिथून हे सगळं सुरू झालं असं माझा भाऊ म्हणतो. मला विचाराल तर ते त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. बारशाला आलेल्या बायका "अगंबाई, काय गुटगुटीत!" म्हणून गालगुच्चे घेतात, आणि त्याच बायका ती मुलगी वयात आली की तिच्यासमोरच तिच्या आईला सांगतात, "हिचा भात जरा कमी कर हो." या दोन वाक्यांच्या मध्ये मुलीनं नेमका काय गुन्हा केलेला असतो, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, हृषीकेशच्या घरात वरच्या मजल्यावर राहते आणि जेवायला खाली असते. वृंदा त्याची बायको. शाल्मली त्यांची एकुलती एक, दहावीतली, आणि खरं सांगायचं तर माझीही. जाडी वगैरे ती कधीच नव्हती. हाडापेरानं मजबूत, दंड भरलेले, भूक चांगली. नाचायची तर अशी की बघणाऱ्याचेही पाय हलायला लागावेत.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत बाईंनी तिला पुढून काढून मागं नेलं. "तू छानच नाचतेस गं, पण व्हिडिओत पुढची रांग एकसारखी दिसायला हवी," एवढंच म्हणाल्या. शाल्मली घरी आली, जेवायला बसली आणि अर्ध्या भाकरीवर उठली.

"काय गं, पोट बिघडलंय?" वृंदानं विचारलं.

"नाही. बास झालं."

हृषीकेश टीव्ही बघता बघता म्हणाला, "बरंच झालं की! जरा आटोक्यात येशील." मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आवाज वाढवून बातम्या ऐकायला सुरुवात केली.

आता थोडं शास्त्र सांगते. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

त्या सुमारास लघुजीव नावाचं बारीक व्हायचं औषध बाजारात येऊन थोडे दिवस झाले होते. नाव कंपनीनं ठेवलेलं. मुळात तो दह्यातल्या जिवाणूंच्याच गोतावळ्यातला एक, प्रयोगशाळेत जनुकं बदलून घडवलेला. आपण जेवतो त्यातला भात, भाकरी, साखर यांचं आतड्यात पचन होतं आणि ते रक्तात उतरतं. हा जिवाणू लहान आतड्यात बिऱ्हाड करतो आणि अन्न रक्तात उतरायच्या आधीच त्याचा न पचणारा चिकट चोथा करून टाकतो. तेल-तूपही त्या चोथ्यात अडकून बाहेर जातं. म्हणजे पोटभर जेवा, चवीनं जेवा, ढेकर द्या, अंगाला काही लागणार नाही. वजनानं आणि मधुमेहानं गांजलेल्या मोठ्या माणसांसाठी तो केला होता, आणि त्या लोकांना त्याचा गुण आला हे मी नाकारणार नाही.

जिवंत औषध पोटात कायमचं मुक्कामाला राहिलं तर पंचाईत, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला मुद्दाम लंगडा करून ठेवला होता. जगायला लागणारा एक घटक त्याला स्वतःला बनवता येत नसे, आणि आपल्या अन्नातला तो घटक आतड्यात पोचेपर्यंत उरत नाही. तो घटक जिवाणूसोबत कॅप्सूलमध्येच घातलेला असायचा. कॅप्सूल बंद केली की जिवाणू उपासमारीनं मरणार, अशी सोय. उंदरांवर चाचण्या झाल्या, माणसांवर झाल्या, सगळं चोख निघालं. चाचणी राहिली ती एकाच गोष्टीची. हे औषध करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरी फ्रीजमध्ये विरजणाचं भांडं असणार, आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हा दह्याचा भाऊबंद आहे, कुणीतरी याला दुधात घालेल.

घातला तो शाल्मलीच्या वर्गातल्या केतकीच्या आईनं. तिला कॅप्सूल गिळवायची नाही. तिनं ती फोडून कोमट दुधात ढवळली, फोन आला म्हणून विसरली, आणि सकाळी बघते तर घट्ट दही. हसत हसत तिनं घरात सांगितलं. केतकीनं ते डबीत भरून शाळेत नेलं. एकीनं चमचाभर घेतलं, घरी आपल्या कपातल्या दुधाला लावलं, दुसरीला दिलं. शेजारणीकडून विरजण मागून आणायचं हे आपल्या मुली चालायला लागल्यापासून बघतात, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. कॅप्सूलला डॉक्टरांची चिठ्ठी लागायची, याला फक्त डबी. मुलींनी त्याला नाव ठेवलं 'हलकं विरजण'.

आणि दह्यात त्या लंगड्याला काठी मिळाली. नेहमीचे दह्याचे जिवाणू त्याला हवा तो घटक दुधात तयार करतात. त्यांच्या उष्ट्यावर तो जगला. जिवाणू शेजारी राहायला लागले की एकमेकांना जनुकंही देतात. एका डबीतून दुसऱ्या डबीत, तिथून तिसऱ्या घरात असं फिरता फिरता कुठल्यातरी भांड्यात तो घटक कसा बनवायचा ते तो स्वतःच शिकला. मग त्याला कॅप्सूलही नको आणि शेजारीही नको. एकदा पोटात गेला की गेलाच.

हे सगळं आम्हाला फार नंतर समजलं. आम्हाला दिसत होतं ते एवढंच, की शाल्मली पुन्हा पोटभर जेवायला लागलीय आणि तरीही बारीक होतेय.

आणि काय कौतुक त्याचं! संमेलनात ती पुढच्या रांगेत, मधोमध. समोरच्या चौगुले काकू मुद्दाम घरी येऊन म्हणाल्या, "काय सुरेख बारीक झालीस गं! दृष्ट काढ हो वृंदा हिची." वृंदानं खरंच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एरवी मुलगी खात नाही म्हटलं की आई घाबरते. ही तर मागून मागून खात होती. "जेवतेय ना ताई, मग काय काळजी?" वृंदा मला म्हणायची.

मला मात्र काळजी वाटायला लागली होती. तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके दिसायचे. माझा जिना चढून आली की कठड्याला धरून उभी राहायची. हातांवर बारीक मऊ लव आली होती. उपाशी शरीर ऊब धरायला अशी लव उगवतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत नसले तरी मला ठाऊक आहे. एका रविवारी दुपारी मी तिला वर बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं, "पाळी कधी आली होती शेवटची?"

ती उठून दाराकडं वळली.

"शाल्मली, मी तुझी आत्या आहे, शाळेतली बाई नाही. बोल."

"येत नाही आता. बरंच आहे की, कटकट गेली."

मग तिनं सगळं सांगितलं. ओशाळली वगैरे अजिबात नाही. "आत्या, वर्गातल्या बाकीच्या मुली उपाशी राहून चक्कर येऊन पडतात. मी जेवते. सगळं जेवते. मग माझं काय चुकलं?"

काय चुकलं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिचा हात धरला तर मनगट माझ्या मुठीत घेऊनही जागा उरली, आणि राग तिथंच विरघळला. ती डबी फ्रीजमध्ये मागच्या बाजूला लोणच्याच्या बरणीआड असते म्हणाली. मी खाली गेले, डबी काढली, पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. शाल्मली स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होती.

"आत्या, काय काय उकळशील? आईच्या दह्याच्या सटातही तेच आहे."

वृंदा कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

त्याचं असं झालं होतं. वृंदाचं दही म्हणजे आमच्या कॉलनीत नावाजलेलं. सुरीनं कापावं असं. थंडीत एकदा तिचं विरजण बिघडलं, दह्याला तार यायला लागली. तिनं फ्रीज धुंडाळला, बरणीमागं डबी मिळाली, आत छान घट्ट दही. आपणच कधीतरी मागं सारून ठेवलं असेल, असं तिला वाटलं. तिनं तेच लावलं. पहिल्यापेक्षा भारी लागलं. नेहमीप्रमाणं चौगुले काकू वाटी घेऊन आल्या, तिसऱ्या घरातली सून आली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोनं नेलं. वृंदानं कुणाला नाही म्हटलं नाही. विरजणाला कुणी नाही म्हणतं का?

"तरीच माझे ब्लाउज सैल व्हायला लागलेत," वृंदा हळूच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण हे म्हणताना खूश होतो, आणि ती पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. हृषीकेशनंही पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं होतं आणि सकाळच्या फिरण्याला त्याचं श्रेय देत होता.

मोठ्यांचं एक वेळ निभतं. अंगावर साठा असतो. शाल्मलीचं वय हाडं भरायचं, उंची घ्यायचं. तिच्याजवळ साठा कुठला? दुसऱ्याच आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात कोसळली.

बालरोगतज्ज्ञ डॉ. तांबोळी आमच्या ओळखीच्या. कमी बोलणारी, सरळ बाई. त्यांनी मला आणि वृंदाला खुर्च्यांवर बसवलं. "अन्न मिळेनासं झालं की शरीर स्वतःलाच खायला लागतं. आधी चरबी, मग स्नायू. हृदय हाही स्नायूच आहे, हे लोक विसरतात. हिचं हृदय आत्ताच एखाद्या म्हातारीच्या हृदयाइतकं थकलंय."

"पण बरी होईल ना?" वृंदानं विचारलं.

"प्रतिजैविकांनी हा जंतू या वेळी मरेल. पण दरवेळी मरेलच असं नाही. जे कॅप्सूलशिवाय जगायला शिकलेत, ते औषधाला तोंड द्यायलाही शिकतील. पुन्हा तो हिच्या पोटात गेला तर मला काही करता येणार नाही. बाहेरच्या दही-ताकाचा थेंबसुद्धा नको."

त्या दिवशी शाल्मली खाटेवर पडून छताकडं बघत होती. छातीला वायरी लावलेल्या. मी जवळ बसले तर तिनं माझी ओढणी मुठीत धरली. "आत्या, मला मरायचं नव्हतं गं. मला फक्त पुढं उभं राहायचं होतं."

मी तिला तिथंच कुशीत घेतलं. वायरी सुटल्या, यंत्र बोंबलायला लागलं, नर्स धावत आली आणि तिनं मला चांगलंच झापलं.

नंतरचे दिवस मात्र आनंदात गेले. आम्ही सगळ्यांनी औषध घेतलं. वृंदानं सट फोडला, फ्रीज उकळत्या पाण्यानं पुसला, घरात दही बंद. शाल्मली शिरा मागायची, वरण-भात मागायची, शेंगदाण्याचा लाडू फोडून अर्धा मला द्यायची. हळूहळू गाल भरले. पाळी आली तेव्हा वृंदानं देवापुढं साखर ठेवली. ती पोर रेडिओवर गाणं लागलं की बसल्या बसल्या हात नाचवायला लागली. मला वाटलं, सुटलो.

कॉलनी सुटली नव्हती. आरोग्य खात्याची माणसं घरोघर जाऊन दही गोळा करत होती. लोकांनी त्यांच्या हातात दुकानातल्या दह्याची पाकिटं ठेवली आणि भांडी माळ्यावर लपवली. मी चौगुले काकूंशी भांडायला गेले. "काकू, आमची पोर मरता मरता वाचली. टाका ते!"

"अगं, तिनं अती केलं असणार," काकू म्हणाल्या. "मी बेतानं खाते. माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, तिला तर एवढं उपयोगी पडलं!" त्यांची गालफडं बसली होती आणि त्यावर त्यांनी लाली लावली होती. अशा बाईशी काय बोलायचं? शाळेत तर आता हलकं विरजण नसलेली मुलगी शोधावी लागली असती. आणि आमच्या शहरात होतं ते एव्हाना कुठं नव्हतं?

शाल्मली पुन्हा शाळेत जायला लागली, त्याच आठवड्यात काकू तिला फाटकापाशी भेटल्या. मायेनं गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "झालीस बाई पहिल्यासारखी गुबगुबीत!"

मी गॅलरीतून बघत होते. शाल्मली हसली. आत आली, दप्तर ठेवलं, आणि त्या दुपारी जेवली नाही.

संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता पूर्वीसारखं लपवाछपवीही नव्हती. पुढं ताट ठेवलं की ती शांतपणे बाजूला सारायची. आम्ही समजावलं, ओरडलो, पाया पडलो. हृषीकेश, जो आयुष्यात कधी स्वयंपाकघरात शिरला नव्हता, त्यानं तिच्यासाठी जळका उपमा केला आणि वाटी घेऊन तिच्यासमोर उभा राहून रडला. "बाबा, तुमच्यावर रागावले नाहीये मी," ती म्हणाली. "मला माझ्या अंगावर काही चढलेलं सहनच होत नाही. आरशात बघितलं की वाटतं, ही कोण आणून बसवली इथं?"

समुपदेशिकेकडं नेलं. तिच्याकडं बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती, इतक्या मुली. सगळ्या तशाच, सगळ्यांच्या आया तशाच. ती बिचारी भली होती, पण तिचेही शब्द संपत आले होते. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती शाल्मलीनं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. हातपाय बांधावे लागतील म्हणाले. वृंदा म्हणाली, माझ्या पोरीला बांधू देणार नाही, आणि तिला घरी घेऊन आली. निघताना डॉ. तांबोळी दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या. त्यांनी माझा हात दाबला.

एका रविवारी मी दुपारी जेवायला खाली उतरले तर स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. शाल्मलीचं हसणं. किती दिवसांनी! मी उरलेल्या पायऱ्या धावत उतरले.

ती पाटावर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात भाताचा डोंगर, वर वरण, तूप, बटाट्याची भाजी, पापड. ती घासामागून घास घेत होती आणि आईला शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती. वृंदा शेजारी बसून तिच्या भाताच्या कडेला दही वाढत होती. सुरीनं कापावं असं दही.

"कुठून आणलंस?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"समोरून," वृंदा म्हणाली. "काल वाटी घेऊन गेले होते."

"वृंदा, तुझं डोकं फिरलंय का? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंयस ना तू?"

"ऐकलंय. ओरडू नका ताई, ती जेवतेय." तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते. "किती दिवस झाले, हिच्या तोंडात पाण्याशिवाय काही जात नव्हतं. माझ्याशी बोलत नव्हती. काल मी विचारलं, बाळा, काय केलं तर जेवशील? तिनं सांगितलं. मी लावलं. इकडून गेलं तरी तेच, तिकडून गेलं तरी तेच, हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? मग माझी पोर उपाशी का जावी? चार घास चवीनं खाऊन जाऊ दे."

मी पुढं होऊन ताट ओढायला हात घातला. शाल्मलीनं दोन्ही हातांनी ताट छातीशी धरलं. तिच्या बोटांची हाडं दिसत होती आणि डोळ्यांत भीती होती, मी जेवण हिरावून घेईन अशी. मी हात मागं घेतला.

वृंदानं माझ्यासाठी पाट मांडला. मी बसले. तिनं मला भात वाढला, वरण वाढलं, दह्याचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं. समोर शाल्मली बोटं चाटत होती, तूप तिच्या हनुवटीवर आलं होतं, आणि मला असं झालं की मोठमोठ्यानं रडावं.

"आई, अजून वाढ ना," ती म्हणाली, आणि वृंदानं वाढलं.